1977 ची ॲम्बॅसेडर, इसुझूचं इंजिन आणि नांदेडचं बिनपाटीचं गॅरेज

नांदेडला देगलूर नाक्याच्या अलीकडं एका बोळात हे गॅरेज आहे. पाटी नाही, बिलबुक नाही, मोबाइलच्या नकाशावर शोधलं तर सापडत नाही. दारात लिंबाचं झाड आणि झाडाखाली चाकं काढलेली एक मेटॅडोर, एवढीच खूण. आत एका वेळी तीन गाड्या मावतात, उभ्या असतात सात. मालकांना सगळे चाचा म्हणतात. मीही तेच म्हणणार. नाव-नंबर देणार नाही, कारण चांगलं लिहायचंय तसं बोंबलायचंही आहे, आणि चाचा काही इथं येऊन उत्तर देणार नाहीत.

माझं परभणीला मोंढ्याजवळ पंपाचं आणि डिझेल इंजिनच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. म्हणजे पाना मला अनोळखी नाही, पण गाडीच्या कामात मी अर्धाच शहाणा. अर्ध्या शहाण्याला मिस्त्री लवकर गुंडाळतो, हे आधी कबूल करून टाकतो.

गाडी आमच्या अण्णांची. ॲम्बॅसेडर मार्क 3, 1977 सालची, जुना तीन अक्षरी नंबर. अण्णा कापसाचे आडते होते. या गाडीत त्यांनी माणसं नेली, सरकी नेली, एकदा तर मागच्या सीटवर गोऱ्हा नेला म्हणतात. आई हे ऐकलं की अजून चिडते. ते गेल्यावर गाडी आठ वर्षं वाड्यात ताडपत्रीखाली होती. इंजिन मूळचं, 1489 सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या घराण्यातलं. दोनदा बोर झालेलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून घेतलेलं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चार. उताराला तिसरा गिअर आपोआप निसटायचा, म्हणून अण्णा डाव्या हातानं दांडी दाबून धरायचे. पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पाडणारी सोय) नाही, त्यामुळं चढावर रांगेत अडकलं की पूर्ण थांबायचं, मगच पहिला पडणार. ताशी 60 पर्यंत गाडी राजा. त्याच्या वर गेलं की बॉनेट, आरसा, दाताची कवळी, सगळं एका सुरात.

मला ही गाडी चालवायची होती. लग्नात फुलं लावून उभी करायला नाही, पंढरपूरला, हैदराबादला न्यायला. जुनं इंजिन तिसऱ्यांदा उघडायचं की बदलायचं, यावर वर्षभर डोकं लावलं. ॲम्बॅसेडरच्या बाबतीत एक सोय आहे. नव्वदच्या दशकात कंपनीनं स्वतःच या गाडीत इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा खालचा गिअरबॉक्स टाकून 1800 आयएसझेड काढली होती. सांगाडा जवळपास तोच, आत बिऱ्हाड नवं. जुन्या इंजिनाची ताकद 50 हॉर्सपॉवरच्या घरात, इसुझूची 75 च्या. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये. म्हणजे मारुतीचं इंजिन आणून ॲम्बॅसेडरमध्ये कोंबण्यासारखा हा प्रकार नाही. हे लग्न कंपनीनं आधीच लावून दिलेलं आहे, आपल्याला फक्त मुहूर्त बघायचा.

तीन गॅरेज फिरलो. दोघांनी विचारलं, "इंजिन आणलंय का?" चाचांनी विचारलं, "गाडी लेको क्या करते साब?" मी म्हटलं, चालवतो. मग त्यांनी सांगितलं, सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी चालू गाडी घ्या. "इंजन बाजार में मिलता. उसका ब्रॅकेट नहीं मिलता, नट नहीं मिलता."

तेव्हा मला वाटलं, भंगार विकून पैसे काढायचा यांचा डाव आहे. नव्हता. काम सुरू झाल्यावर कळलं की इंजिन-गिअरबॉक्स हा या कामाचा अर्धाही भाग नाही. इंजिन फाउंडेशनचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर, क्लचचा सगळा संसार, एक्सिलरेटरची केबल, रेडिएटर आणि त्याचे वाकडे होज, सायलेन्सरचा पुढचा पाइप, पेडलचा बॉक्स, स्पीडोमीटरची केबल. सुटं घ्यायला गेलं तर यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक फोन, एक कुरिअर आणि एक चुकीचा पार्ट.

कटिंगची गाडी, म्हणजे पार्ट काढून घ्यायची, जिला पुढं मी डोनर म्हणतो, ती चाचांच्याच ओळखीतून तेलंगणातून मिळाली. 1990 नंतरची आयएसझेड. बॉडी खालून सडलेली, दारं बरी, कागद पूर्ण. 95,000 ला ठरली. बघायला आम्ही दोघं गेलो आणि इथं चाचांना मी पहिले पूर्ण मार्क दिले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाला हात लावून इंजिन थंड आहे का ते पाहिलं. विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर सकाळचा धूर आणि टॅपिटचा आवाज लपतो. मग थंड स्टार्ट. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडरमध्ये दहा पीएसआयच्या आत फरक. मग गाडी चालवून, दुसऱ्यात रेस करून एकदम पाय सोडला, गिअर निसटतोय का ते बघायला. नाही निसटला. चौथ्यात थोडी घरघर होती. "ये मैं देख लूंगा," म्हणाले. बघितलंही, बेअरिंग बदललं, जुनं माझ्या हातात ठेवलं.

माल उचलताना मात्र घोटाळा झाला. क्रेनवाल्यानं मागं साखळी अडकवली ती थेट प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला. शाफ्टच्या पाइपला बोटभर खड्डा. त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही. या खड्ड्यानं पुढं माझे सहा आठवडे खाल्ले.

कामाची तारीख. दिवाळीनंतर गाडी लावली, 2024 ची दिवाळी. "डेढ महिना." मी स्वतः दुकानदार आहे, दीड म्हणजे तीन हे मी धरूनच होतो. गाडी मिळाली जुलै 2025 मध्ये. मधे गॅरेजमधला एक पोरगा काम सोडून पुण्याला गेला, मग लग्नसराई, मग उन्हाळ्यात पत्र्याखाली बारा ते चार कुणी हात लावेना (ते मी समजू शकतो, मे महिन्यात त्या शेडमध्ये पाना उचलला तर भाजतो). पण सगळ्यात वाईट म्हणजे फोन. चाचा फोनवर खोटं बोलत नाहीत, ते फोनच उचलत नाहीत. मी पंधरा दिवसांनी परभणी-नांदेड करायचो, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, आणि गाडी जिथं होती तिथंच, बॉनेटवर चहाचे ग्लास. दोन-तीनदा भांडलो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि समोरच्या पोराला म्हणतात, "साब को चाय ला." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता कामाचं. जुनं इंजिन चेन कुप्पीनं वर काढलं त्या दिवशी मी मुद्दाम हजर होतो. मोकळ्या पोटात डोकावलं तर 47 वर्षांचा चिखल, ग्रीस आणि एक आठ आण्याचं नाणं. फाउंडेशनची जागा डोनरवरून मापं घेऊन बसवली. चाचांनी आधी आयएसझेड खालून पूर्ण मोजली, ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या, आणि मगच ती उघडली. आपल्या इकडं बहुतेक ठिकाणी आधी गॅस कटर चालतो, मग मापं आठवत बसतात.

फ्लोअरचा बोगदा कापावा लागला, कारण जुन्या गाडीत खालून गिअरची दांडी येत नाही, भोकच नाही. कापलेल्या जागी डोनरच्याच फ्लोअरचा तुकडा बसवला. वेल्डिंग साधं पण पक्कं, वर सीलर. पाऊस पडल्यावर कार्पेट ओलं झालं नाही, हे मी बघितलंय. स्टिअरिंगवरची जुनी दांडी आणि खालचं लिंकेज काढून कापडात बांधून दिलं, बोल्टसकट. हे सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र गेली. पुढची सीट एकसंध बाकासारखी, त्यात तिघं बसायचो. अण्णा, आई, मधे मी. आता मधे गिअरची दांडी उभी. आईला पहिल्यांदा बसवलं तर तिनं सवयीनं सरकून जागा केली, आणि मग दांडीकडं बघून म्हणाली, "हे काय खुंटा ठोकून ठेवलास रे?"

आता शाफ्ट. यावर जरा लांबण लावतो, कारण गॅरेजची परीक्षा इथं होते.

मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा आस आणि मधलं डिफरन्शियल असलेलं कवच) ठेवायचं की बदलायचं, हा प्रश्न होता. माझं म्हणणं, जुनं चांगलं आहे, राहू द्या. चाचांनी दोन्ही हाउसिंग शेजारी घोड्यांवर ठेवली, फ्लँजवर (शाफ्ट जिथं जोडतात त्या चकतीवर) आणि चाकावर खडूची रेघ मारली, दोन्ही चाकं एकदमच फिरवायला लावली आणि फ्लँजचे फेरे मोजायला मला बसवलं. चाकाच्या एका फेऱ्याला जुन्याचा फ्लँज नव्यापेक्षा जास्त फिरत होता. म्हणजे पाच गिअरचा बॉक्स टाकूनही जुनं हाउसिंग ठेवलं तर इंजिन विनाकारण ओरडणार, पाचव्या गिअरचा फायदा निम्मा पाण्यात. मला हिशोब पटला. हाउसिंग डोनरचं बसवलं, ब्रेकसकट.

मग खड्डा पडलेला शाफ्ट. चाचांच्या नेहमीच्या लेथवाल्यानं नवा पाइप टाकून दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, जोडले. गाडी तयार झाली. एप्रिलमध्ये पहिली ट्रायल. 50 पर्यंत लोणी. 65 ला सीटखालून अशी गुणगुण सुरू झाली की आधी मला वाटलं फोन व्हायब्रेट होतोय. 75 ला आरशात मागचा रस्ता दिसेना.

आमच्या धंद्यात मोटर आणि पंप कपलिंगनं जोडताना लाइन चुकली की बुश महिन्यात जातो, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. पण पंपात दोन्ही शाफ्ट एका सरळ रेषेत लागतात. गाडीत तसं नसतं. गिअरबॉक्स वर, डिफरन्शियल खाली, मधला शाफ्ट तिरका. तिरक्या यू-जॉइंटची (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याची) खोड अशी की एका बाजूनं एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू जाते. हे दुसऱ्या टोकाच्या जॉइंटनं उलटं करून मिटवायचं असतं. त्यासाठी दोन अटी. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (मागच्या हाउसिंगच्या तोंडाचा) फ्लँज एकमेकांना समांतर पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच रेषेत. ताशी 65 ला चाक मिनिटाला 500 फेऱ्यांच्या वर फिरतं, शाफ्ट साधारण त्याच्या चौपट. म्हणजे 2000 फेरे, प्रत्येकात दोन झटके. सीट का गुणगुणणार नाही?

बाकी कुणी असतं तर म्हणालं असतं, टायर बॅलन्स करा. चाचा म्हणाले, उद्या या, आणि येताना दोन कट्टे घेऊन या. कशाचे? कशाचेही. मी सोयाबीनचे दोन कट्टे नेले. मागच्या सीटवर ठेवले, पुढं आम्ही दोघा पोरांना बसवलं, कारण स्प्रिंगचे पाटे भाराखाली बसल्यावर हाउसिंगचा कोन बदलतो. रिकामी गाडी घोडीवर टांगून घेतलेलं माप खोटं. गाडी गॅरेजच्या खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, चारही चाकांवर उभी. चाचा खाली, हातात सुताराचा कोनमापक, फ्लँजला चिकटवून. वरून मी वाचत होतो, पोरगा भिंतीवर कोळशानं लिहीत होता. मागचा फ्लँज दोन अंशांनी खाली तोंड करून होता. पाटा आणि हाउसिंगच्या मधे घालायला पाचर घडवून आणली, यू-बोल्ट सैल करून बसवली, परत कट्टे, परत पोरं, परत माप. चार वेळा. शेवटी दोन्हीतला फरक अर्ध्या अंशाच्या आत आला.

गुणगुण कमी झाली, गेली नाही. मग त्यांनी शाफ्ट काढला, जमिनीवर दोन व्ही-ब्लॉकवर ठेवला, दोन्ही योकच्या भोकांतून सळ्या घातल्या आणि मला म्हणाले, एक डोळा बंद करके देखो. दोन सळ्या एकमेकींवर पडायला पाहिजेत. नव्हत्या पडत. लेथवाल्यानं वेल्डिंग करताना एक योक थोडा पिळलेला लागला होता. एवढासा पीळ, नुसत्या नजरेनं शाफ्टकडं बघून कधी कळला नसता.

शाफ्ट परत कापला, परत जोडला, यावेळी चाचा स्वतः लेथवाल्याच्या उरावर बसले. मग बॅलन्सिंगला हैदराबादला गेला, आला. याचे पैसे? लेथचे दुसऱ्यांदा घेतले नाहीत, बॅलन्सिंगचे घेतले. मला हे रास्त वाटलं. साखळी मात्र क्रेनवाल्यानं अडकवली होती, ते कुणाच्याच खात्यात गेलं नाही, माझ्याच गेलं.

आता 80 ला पाचव्यात गाडी चालते आणि मागं बसलेला माणूस झोपतो. आमच्याकडं म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. नांदेडच्या माणसानं परभणीच्या गाडीसाठी म्हणीच्या दुसऱ्या अर्ध्यावर काम सोडलं नाही, हे लिहून ठेवतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. आधी चारही चाकांना ड्रम होते आणि पाय जड. डोनरचे पुढचे डिस्क आणि बूस्टर बसवला. चाचांची अट होती, ब्रेक करणार नसाल तर इंजिन दुसरीकडं बसवा. मला ही अट आवडली. ब्रेकचे सगळे रबर, पाइप नवे. पेट्रोलचा रबरी होजही नवा टाकून घेतला, इथेनॉल चालणारा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुना होज त्यात फुगतो, चिरतो आणि पाझरतो. तापलेल्या इंजिनावर ते थेंब नकोत. कार्बोरेटरचं किटही त्याच वेळी बदललं.

थर्मोस्टॅटवरून आमचं वाजलं. आपल्या भागातल्या जवळपास सगळ्या मिस्त्र्यांसारखे चाचाही तो काढून फेकतात. "इधर की गर्मी में कायकू?" मी अडून बसलो. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन अर्धा तास गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. उन्हाळ्यात तो उघडाच असतो, मग अडचण काय? शेवटी नवा आणून मी स्वतः हातात दिला. रेडिएटर मात्र त्यांनी नीट केला, टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून. मे महिन्यात, परभणीच्या उन्हात, बाजाराच्या गर्दीत काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही.

आता बोंबलतो. वायरिंग.

डायनामो काढून डोनरचा अल्टरनेटर लावला, चांगलं केलं. पण जुन्या आणि नव्या वायरिंगची जोडणी म्हणजे वायरी पिळून वर काळी टेप. सोल्डर नाही, लग (वायरच्या टोकाची धातूची पकड) नाही. अल्टरनेटरच्या जाड वायरला फ्यूज नाही. एक वायर एक्झॉस्टपासून चार बोटांवरून नेलेली. हे मी घेताना बघितलं नाही, चूक माझी. गाडी घेऊन रात्री परभणीला येताना वसमत सोडलं, झिरो फाट्याच्या अलीकडं दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पाऊस. मागं उसाच्या ट्रॉल्या नसल्या तरी हायवा, म्हणजे मोठे टिपर, होते. मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडलं तर टेप वितळून वायर बॉडीला टेकलेली. तिथल्या धाब्यावरच्या पोरानं टेस्टर दिला, अर्ध्या तासात जुळवलं. फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाले, "वो लडका गया पूना." ज्या माणसानं अर्ध्या अंशासाठी चार वेळा कट्टे चढवले-उतरवले त्यानं वायरिंग एका पोरावर सोडावं, हे मला अजून समजत नाही. बहुतेक त्यांना जे डोळ्यानं फिरताना दिसतं त्यातच रस आहे.

स्पीडोमीटरही चुकीचा आहे. फोनवर 60 असताना काटा 70 दाखवतो. जुनं मीटर, नवा गिअरबॉक्स, केबलच्या टोकाचा दातेरी गिअर जुळत नाही. हे त्यांनी आधी सांगितलं होतं, डोनरचं मीटर लावा म्हणाले होते. मला अण्णांच्या डॅशबोर्डला हात लावायचा नव्हता. तेव्हा ही तक्रार नाही.

कागदांचं कुणी गॅरेजवाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं इंजिन बदलायचं तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. तो चढवला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आपणच दोरी देतो. डोनरचं आरसी, विक्रीचा कागद, इंजिन नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा, हे सगळं गाडी उघडायच्या आधी जमवा. चाचांनी डोनरचे कागद पूर्ण बघितल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत, हेही त्यांच्या बाजूनं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला उशिरा कळली. 2021 च्या नियमांप्रमाणं 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. माझी गाडी 2027 ला पन्नाशीची होईल आणि मी दोन वर्षं आधी तिचं काळीज बदलून बसलो. हे वाचून एक रात्र झोप आली नाही. मग आठवलं की व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालतच नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामांपुरती. मला पंढरपूरला जायचं होतं. तरीही जुनं इंजिन, गिअरबॉक्स, दांडी, हाउसिंग सगळं शेतातल्या आखाड्यावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. प्लगच्या भोकातून तेल सोडतो, महिन्याला एकदा पाना लावून फिरवतो. माझ्या पोराला कधी बुद्धी झालीच तर परत बसवता येईल. चाचांनी एकही मूळ ब्रॅकेट कापला नाही. फ्लोअरचं भोक सोडलं तर सगळं उलटं फिरतं. हे त्यांनी मी न सांगता केलं, आणि याचं मोल मला व्हीएचा नियम वाचल्यावर कळलं.

पैसे. डोनर 95,000, आणायचे 14,000, मजुरी 60,000. लेथ, बॅलन्सिंग, बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेकचं रबर, होज, ऑइल असं मिळून 58,000. डोनरची दारं, काचा आणि भंगार विकून 22,000 आले, त्याचा हिशोब चाचांनी वहीच्या पानावर लिहून दिला. निव्वळ दोन लाख पाच हजार, शिवाय माझ्या चकरा. बिल मात्र मिळालं नाही. बिलाशिवाय ज्यांचं अडतं त्यांनी आधीच बोलून घ्या.

तेव्हापासून साडेतीन हजार किलोमीटर झाले. दिवाळीनंतर आईला अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला नेलं, गंगाखेड, परळी करून. परळीहून वर चढणारा घाट अण्णा दुसऱ्या गिअरमध्ये, दांडी धरून, शिव्या देत चढायचे. आम्ही तिसऱ्यात चढलो, पुढं कापसाचा ट्रक आला तेव्हा दुसऱ्यात. तापमानाचा काटा हलला नाही. वर पोहोचल्यावर आई म्हणाली, "आवाज नाही रे येत हिचा." ती चांगलं म्हणत होती की वाईट, ते मी विचारलं नाही. पेट्रोलच्या लिटरला आधी नऊ-साडेनऊ किलोमीटर द्यायची, आता हायवेला बारा, गावात दहा. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून थेंबभर तेल गळतं, त्यासाठी नांदेडला जायचंय.

तर यांच्याकडं जावं का? गाडी स्वतः चालवणाऱ्यानं, घरात दुसरं वाहन असणाऱ्यानं, आणि अधूनमधून नांदेडला जाऊन तिथं स्टुलावर बसायची तयारी असणाऱ्यानं जरूर जावं. फिरणाऱ्या प्रत्येक भागासाठी त्यांच्यापेक्षा नीट माणूस मला या भागात भेटला नाही. मुलाच्या लग्नाची तारीख काढून गाडी लावायची असेल तर नका जाऊ. सकाळी साडेदहाच्या आत पोहोचा, शुक्रवारी दुपारी बंद असतं. आगाऊ रक्कम तुकड्यातुकड्यानं द्या, मी निम्मे आधी दिले ती चूक. आणि वायरिंग त्यांना करू देऊ नका. माझी गाडी सोमवारी इथल्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकडं लावतोय, सगळ्या टेपा काढून, फ्यूज बॉक्ससकट नवीन. तो म्हणतोय तीन दिवस.